मसाई माराच्या तंबूत

मसाई मारा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते केनियातलं सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य. पण त्याला कुंपण नाही. सिंह, हत्ती, जिराफ सहज बाहेर पडून मसाई लोकांच्या मालकीच्या गवताळ जमिनींवर येतात. याच जमिनींची मिळून 'कन्झर्व्हन्सी' होते. २०१० साली उभ्या राहिलेल्या नाबोइशो कन्झर्व्हन्सीत पाचशेहून अधिक मसाईंनी आपापली जमीन एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिली. कुंपण घालायचं नाही, शेतीसाठी तुकडे पाडायचे नाहीत, गुरं ठरवून दिलेल्या पट्ट्यातच चारायची. या अटींवर मालकाला भाडं मिळतं. म्हणून तिथे गाईंचा कळप दिसला तर नाक मुरडू नका, जमीन मसाईंचीच आहे.

तंबूंची संख्याही बांधलेली असते, म्हणून दर चढा. त्याच्या बदल्यात निवांतपणा मिळतो. सिंहाभोवती पाचच गाड्या थांबतात, सहावीने लांब उभं राहून पाळी यायची वाट बघायची. गाईडबरोबर पायी फिरणं आणि रात्रीची सफारी इथे चालते, अभयारण्यात नाही.

दिवस उजाडण्याआधीच तंबूबाहेरून हाक येते, पाठोपाठ गरम चहा. विषुववृत्त जवळ असलं तरी मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे. उघड्या गाडीत पहाटे कानटोपी लागतेच. ऊन चढलं की सिंह झुडपाखाली आडवे होतात, मग परत फिरायचं. पुढची फेरी चारच्या सुमारास. अंधार पडल्यावर जेवायला जाताना मसाई पहारेकरी टॉर्च घेऊन सोबत येतो. ही सरबराई नव्हे. नदीकाठच्या कॅम्पात रात्री पाणघोडे चरायला वर येतात.

मसाई गावाच्या भेटीत पुरुषांचा उड्यांचा नाच सगळेच बघतात. मला विचाराल तर घरं नीट बघा. काठ्यांचा सांगाडा, त्यावर माती-शेणाचा लेप, हे सगळं काम बायकांचं. आत वाकून शिरायचं, चुलीच्या धुराने डोळे झोंबतात. फोटो विचारूनच काढा. मण्यांचे दागिने ते ओवणाऱ्या बाईकडूनच घ्या. गावात प्रवेशाचे पैसे मधल्यामध्ये ड्रायव्हर आणि दलाल लाटतात, ही तक्रार जुनी आहे.

तेव्हा बुकिंगआधी दोनच गोष्टी विचारा: कॅम्प कुठल्या कन्झर्व्हन्सीत आहे, आणि गावभेटीचे पैसे कुणाच्या हातात पडतात? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा कॅम्प शोधा.