आधी कोणाकडे?

मे महिन्यात रायपूर येथे उष्णतेचा पारा पुष्कळदा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. अशाच एका दुपारी समता कॉलनीतील एक मराठी कुटुंब आपल्या वृद्ध आजोबांना घेऊन शहरातील रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात आले आहे, अशी कल्पना करू. आजोबा थकले आहेत, अंगात ताप आहे, पण ते बोलत आहेत. शेजारच्या खाटेवर हाताचे हाड मोडलेला एक तरुण मोठमोठ्याने ओरडत आहे. तिसऱ्या खाटेवरील गृहस्थांची सलाईनची बाटली संपत आली आहे. चौथ्या खाटेवर स्कूटरवरून पडलेली एक स्त्री डोळे मिटून स्वस्थ पडली आहे. तिच्या अंगावर खरचटल्यापलीकडे जखम दिसत नाही. "सिस्टर, आमच्या बाबांकडे आधी बघा हो," असे आजोबांची सून काकुळतीने म्हणते. तरीही परिचारिका प्रथम जाते ती त्या स्वस्थ पडलेल्या स्त्रीकडे. नातेवाइकांस हा अन्याय वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु परिचारिकेचा हिशेब निराळा असतो. जो ओरडू शकतो, त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे व त्याच्या मेंदूस रक्त पोहोचत आहे, एवढे तरी त्या ओरडण्यावरून कळते. म्हणून ती प्रथम श्वासमार्ग पाहते, मग श्वसन, मग रक्ताभिसरण आणि त्यानंतर शुद्ध. हा क्रम मनमानीचा नाही. प्राणवायू तुटला तर मेंदूस काही मिनिटांतच इजा होऊ लागते. मोडलेले हाड मात्र तासभर थांबू शकते. अर्थात त्या तरुणाची बोटे पांढरी व गार पडू लागली, तर हातास रक्त मिळत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि मग त्याचीही पाळी पुढे येते.

त्या स्त्रीचा श्वास परिचारिका पूर्ण एक मिनिट मोजते. तो मिनिटास २६ भरतो. नाडी ११८ आहे. रक्तदाब मात्र ११२, म्हणजे वरवर पाहता ठीकच. येथेच अननुभवी माणूस फसतो. पोटात प्लीहेस इजा होऊन आतल्या आत रक्त वाहू लागले, तर शरीर ती हानी काही काळ झाकून ठेवते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय अधिक वेगाने चालते, श्वास वाढतो, आणि या खटाटोपामुळे रक्तदाब टिकून राहतो. तरुण शरीरात तर तो बराच वेळ टिकतो. तो कोसळतो तेव्हा हाती थोडाच अवधी उरलेला असतो. म्हणून रक्तदाबापेक्षा श्वास व नाडी यांची साक्ष आधी ऐकावी लागते.

ही साक्ष अंकांत मांडण्याची एक पद्धत ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केली व २०१७ साली सुधारली. श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सहांपैकी प्रत्येकास शून्य ते तीन गुण देतात. रुग्णास बाहेरून प्राणवायू द्यावा लागत असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांस तातडीने कळवावयाचे, सात झाली की धावपळ करावयाची. आपल्या रुग्ण स्त्रीस श्वासाचे तीन, नाडीचे दोन आणि प्राणवायू ९५ टक्के असल्यामुळे एक, असे सहा गुण पडतात. लहान मुलांस व गर्भवतींस हा तक्ता लावीत नाहीत; त्यांच्या शरीराचे प्रमाण वेगळे असते.

मात्र तक्ता हाती नसला तरी "कोण थांबू शकेल?" हा प्रश्न सुटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा प्रसूतिपूर्व कक्षातील २० गर्भवती स्त्रिया परिचारिका श्रीमती अंजली कुलथे यांच्या हवाली होत्या. त्यांनी दारे लावून घेतली व सर्वजणींस पँट्रीच्या लहानशा खोलीत हलविले. त्यातच रक्तदाब वाढलेल्या एकीस कळा सुरू झाल्या. गोळीबार थांबेपर्यंत बाकीच्यांस थांबता येत होते; तिला येत नव्हते. श्रीमती कुलथे यांनी तिचा हात धरला आणि जिन्याच्या भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात नेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ही हकीकत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे सांगितली.

आता पुन्हा आपल्या कक्षात येऊ. डॉक्टर त्या स्त्रीपाशी पोहोचले आहेत. सलाईनची बाटली मदतनीस परिचारिकेने बदलली आहे. आजोबांचे पहिल्या खेपेचे गुण अवघे दोन होते. पण एकदा लावलेला क्रम तासभरही कायम राहील याची खात्री नसते. एवढ्यात सून म्हणते, "सिस्टर, बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारताहेत. ते असे कधी करीत नाहीत." ही गोष्ट कोणत्याही यंत्रास कळली नसती, घरच्या माणसासच कळते. नव्याने आलेला बुद्धिभ्रम एकटाच तीन गुणांचा. परिचारिका पुन्हा मोजते: ताप ३९.६, नाडी ११६, श्वास २२. बेरीज नऊ. हा उष्माघात असू शकतो, आणि त्यात शरीर थंड करण्यास एक क्षणही दवडावयाचा नसतो. ती डॉक्टरांस हाक देते, आजोबांचे कपडे सैल करते, अंगावर पाणी शिंपडून पंखा वळविते आणि सुनेस बर्फ आणावयास धाडते.