आता कार्ड काढतो बघ

माझे वडील पोलिसात हवालदार होते. फौजदार व्हायची त्यांची फार इच्छा, ती राहून गेली. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी आम्ही तेव्हा राहत होतो, तिथे पक्कं थिएटर नव्हतं. दिवाळीनंतर तंबू लागायचा आणि पावसाच्या तोंडावर उठायचा. मध्ये कापडाचा आडोसा, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. तंबूच्या बंदोबस्ताला आबांची पाळी असली, की आम्हा भावंडांना सिनेमा फुकट. आबा मात्र कडेला खुर्ची टाकून पडद्याकडे पाठ करून बसत. त्यांचं काम पब्लिककडे बघायचं.

फक्त एका वेळी त्यांची मान वळायची. पडद्यावर जीप थांबायची आणि तीतून ताठ कण्याचा, केसांत रुपेरी झाक असलेला एक अधिकारी उतरायचा. आबा हळूच म्हणायचे, "आलं आमचं साहेब."

त्या साहेबांचं नाव इफ्तेखार. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ सगळ्यांनी त्यांना पाहिलेलं आहे. नाव ऐकून चेहरा आठवला नसेल, तर 'डॉन'मधला डीएसपी डिसिल्व्हा आठवा, 'जंजीर'मधला कमिशनर आठवा. आता आठवला ना? या माणसाचं असंच आहे. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आणि नाव कुणालाच पटकन सांगता येत नाही. आबांनाही ते शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

हिंदी सिनेमातल्या पोलिसांवर आबांचा राग होता. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट ठोकणारे इन्स्पेक्टर दिसले की ते कपाळाला हात लावत. खात्यात टोपी नसेल तर सॅल्यूट नसतो, नुसतं सावधान उभं राहायचं असतं. पट्टा ढिला, बक्कल वाकडं, सगळं त्यांना दिसायचं. इफ्तेखारबद्दल त्यांचा एकच शेरा होता : "ह्यानं वर्दी भाड्यानं आणल्याली वाटत न्हाई." हवालदाराच्या तोंडून आलेली ही शाबासकी मला आजही कुठल्याही समीक्षकाच्या लेखापेक्षा मोठी वाटते.

गंमत अशी की या माणसाला पोलिस तर सोडाच, नट व्हायचं होतं असंही नाही. जन्म जालंधरचा. लखनौच्या कला महाविद्यालयात चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं. कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याचं वेड. आपणही गायक व्हावं म्हणून विशीच्या सुमारास ते कलकत्त्याला गेले. तिथे एचएमव्हीत संगीतकार कमल दासगुप्ता यांनी त्यांची परीक्षा घेतली. दोन गाण्यांची एक तबकडीही निघाली. पण दासगुप्तांना आवाजापेक्षा या तरुणाचं व्यक्तिमत्त्व जास्त भावलं. त्यांनी त्याला तिथल्या एका चित्रपट कंपनीकडे पाठवलं आणि १९४४ च्या 'तकरार'मध्ये इफ्तेखार पडद्यावर आले.

पुढे फाळणी झाली. आईवडील, भावंडं पाकिस्तानात गेली. इफ्तेखार मात्र इथेच राहिले. दंगलींमुळे कलकत्ता सोडावं लागलं आणि बायकोमुलींना घेऊन ते मुंबईला आले. सुरुवातीचे दिवस हलाखीचे होते. अशोककुमारांशी कलकत्त्यातली ओळख होती, तिच्या जोरावर बॉम्बे टॉकीजच्या 'मुकद्दर'मध्ये काम मिळालं. तो १९५० साली आला. अशोककुमारांचं हे ऋण त्यांनी वेगळ्या पद्धतीने फेडलं असं म्हणायला हरकत नाही. अशोककुमारांना उतारवयात चित्रं काढायचा छंद होता, तो हात त्यांनी इफ्तेखारकडून शिकून घेतला. म्हणजे एवढा मोठा नट चित्रकलेत या छोट्या भूमिका करणाऱ्या माणसाचा शागीर्द!

पन्नासच्या दशकात आणि साठच्या दशकातही ते मिळेल ते करत होते. बिमल रॉय यांच्या 'देवदास'मध्ये थोरला भाऊ, 'तीसरी कसम'मध्ये हिराबाईवर नजर असलेला जमीनदार. हा जमीनदार जरूर पाहा. आवाज चढवत नाही, डोळे वटारत नाही, आणि तरी त्याच्या बैठकीत बसलेल्या बाईला वाटणारी भीती आपल्यापर्यंत पोचते. म्हणजे या नटाला दुसरंही येत होतं. पण १९६९ मध्ये यश चोप्रांचा 'इत्तेफाक' आला आणि गाडी एका रुळावर पडली. एकही गाणं नसलेला हा हिंदी सिनेमा आमच्या तंबूत आला तेव्हा लोक चिडले होते. पैसे परत द्या म्हणाले. खुनाचा गुंता सोडवणारा इन्स्पेक्टर त्यात इफ्तेखार होते. त्या इन्स्पेक्टरचं आडनाव कर्वे! आबा खूष.

आता मुद्दा असा, की एकाच नटाला पुन्हा पुन्हा तीच वर्दी का चढवतात? आळस हे एक कारण आहेच, नाही कशाला म्हणा. पण त्यामागे हिशेबही असतो. नायकाला अडीच तास मिळतात. तो चांगला की वाईट, हे हळूहळू उलगडत नेता येतं. पोलिस अधिकाऱ्याच्या वाट्याला येतात तीन प्रसंग, आणि त्यातला एक तर नुसता टेलिफोनवरचा. तेवढ्यात हा माणूस सरळ आहे की विकला गेलेला, हे प्रेक्षकाला कळायला हवं. नवा चेहरा घेतला तर ते सांगायला आणखी दोन प्रसंग लिहावे लागतात, चित्रित करावे लागतात, त्याला पैसे लागतात. इफ्तेखार दारातून आत आले की ते दोन प्रसंग वाचतात. लग्नात भटजी कोण, हे कुणी विचारत नाही. पण भटजी आला नाही तर मुहूर्त टळतो. तसं हे काम.

या कामात ते एकटे नव्हते. जगदीश राज यांनी तर १४४ चित्रपटांत पोलिस इन्स्पेक्टर रंगवला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अभिनेत्री अनिता राज ही त्यांची मुलगी. ते २०१३ साली गेले. दोघांत फरक करायचा तर माझ्या मते एवढाच : जगदीश राज आले की आता कुणाला तरी बेड्या पडणार हे कळायचं, इफ्तेखार आले की आता कुणी तरी नायकाचं म्हणणं ऐकून घेणार, असं वाटायचं.

हे 'ऐकून घेणं' सत्तरच्या दशकात फार मोलाचं झालं. सलीम-जावेद यांचा नायक संतापलेला होता. त्याचा कायद्यावरचा विश्वास उडालेला, किंवा उडायच्या बेतात. अशा नायकासमोर कायद्याच्या बाजूने बोलणारा माणूस पोकळ निघाला तर सगळा सामनाच संपतो. 'जंजीर'मधला कमिशनर इन्स्पेक्टर विजयला कायद्याची मर्यादा समजावतो तेव्हा आपल्याला दोघांचंही पटतं, आणि म्हणून प्रसंग उभा राहतो. 'जंजीर', 'दीवार', 'शोले', 'डॉन' हे सलीम-जावेद यांचे चार गाजलेले चित्रपट घ्या. चारहींत इफ्तेखार आहेत. पोस्टरवर मात्र त्यांना शोधावं लागतं.

'दीवार'ची आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७५ चा हा चित्रपट आमच्याकडे बराच उशिरा आला. त्यात इफ्तेखार आहेत दावर, म्हणजे चक्क स्मगलर. सुटाबुटातला, मवाळ बोलणारा. जगदीश राजही त्याच चित्रपटात आणि तेही वर्दीशिवाय! तिकडे शशी कपूरच्या वरिष्ठाची खुर्ची मिळाली मनमोहन कृष्ण यांना. तंबूतल्या पब्लिकला हे पटेचना. माझ्या शेजारी बसलेला एक टांगेवाला दर दहा मिनिटांनी मला कोपराने ढोसून सांगत होता, "आता कार्ड काढतो बघ." म्हणजे हा गुप्त वेशातला पोलिस आहे, शेवटी खिशातून ओळखपत्र काढून सगळ्यांना पकडणार, याची त्याला खात्री होती. दावर संपला, सिनेमा संपला, कार्ड काही निघालं नाही. बाहेर पडताना टांगेवाला आबांना म्हणाला, "हवालदार, तुमच्या साहेबाची बदली झाली वाटतं." आबा हसले नाहीत. 'शोले'त ते राधाचे वडील म्हणून, विधवा मुलीच्या पुनर्विवाहाबद्दल ठाकूरशी बोलताना दिसले, तेव्हा कुठे आबा शांत झाले. "पेन्शनीत गेलं," म्हणाले.

पण प्रेक्षकांच्या या भाबड्या खात्रीचा सगळ्यात चलाख उपयोग केला तो १९७८ च्या 'डॉन'ने. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. खरा डॉन मरतो. हे फक्त डीएसपी डिसिल्व्हाला माहीत असतं. त्याच्यासारखा दिसणारा साधाभोळा विजय तो टोळीत पाठवतो, त्याच्याकडच्या पोरांना शिकवायचं वचन देतो. आणि मग छाप्यात गोळी लागून डिसिल्व्हाच मरतो. विजय खरा कोण, हे सांगणारं जगात कुणी उरत नाही. त्या क्षणी तंबूत जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते. डिसिल्व्हाची भूमिका एखाद्या अनोळखी नटाने केली असती, तर एक पोलिस मेला एवढंच झालं असतं. इथे दहा वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो माणूस गेला होता. 'इत्तेफाक'पासून केलेल्या सगळ्या छोट्या छोट्या इन्स्पेक्टरांची पुण्याई या एका मरणाच्या मागे उभी होती. वर आणखी गंमत, की खरा खलनायकही पोलिस अधिकारी म्हणूनच वावरत असतो. पण ते काम ओम शिवपुरींचं. दोघांची अदलाबदल करून बघा, चित्रपट कोसळतो.

पन्नास वर्षांत चारशेच्या वर चित्रपट. वर्षाला सरासरी आठ. एखाद्यात दोन दिवसांचं काम, एखाद्यात आठवड्याचं. 'बॉम्बे टॉकी' आणि 'सिटी ऑफ जॉय' या इंग्रजी चित्रपटांतही ते दिसले. ४ मार्च १९९५ ला ते गेले. त्याच्या महिनाभर आधी त्यांची एक मुलगी कर्करोगाने गेली होती.

आबा तोवर निवृत्त होऊन गावी राहत होते. बातमी मीच त्यांना सांगितली. नाव सांगून त्यांच्या लक्षात येईना. मग 'डॉन'मधला डीएसपी म्हटलं, तेव्हा डोळ्यांवरचा चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले. इफ्तेखार यांच्या कलकत्त्याच्या दिवसांबद्दल मला कळलं ते त्यानंतर काही वर्षांनी. सुटीत गेलो तेव्हा आबांना सगळं सांगितलं : चित्रकलेचं शिक्षण, सैगल यांचं वेड, ती दोन गाण्यांची तबकडी. आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हंजे गानं म्हनायचा त्यो?"

"हो. गायक व्हायलाच घरातून निघाले होते."

"मग एवढ्या शिणेमात एकदा तरी म्हनू द्याचं हुतं की."

त्या तबकडीसाठी मी नंतर मुंबईच्या चोरबाजारात चार-पाच खेपा घातल्या. जुन्या तबकड्या विकणाऱ्यांना नाव सांगायचो, ते विचारात पडायचे. मग 'दीवार', 'डॉन' म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे, वो इन्स्पेक्टर!" म्हणायचे, आणि 'डॉन'च्या गाण्यांची तबकडी काढून माझ्या हातात ठेवायचे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)