खेळांतली आगगाडी आणि टंचाईचे दिवस

छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असें मानणारांचा एक मोठा वर्ग आपल्या समाजांत आहे; आणि तीसांहून अधिक वर्षें शाळेंत घालवूनहि आम्ही कालपरवांपर्यंत त्याच वर्गांत मोडत होतों. आमचें मत पालटलें तें आमच्या नातवाच्या छोट्या आगगाडीमुळें. गंमत अशी कीं, ती गाडी सुरळीत धांवत होती तोंपर्यंत आमचें तिच्याकडे लक्षहि नव्हतें; ती अडली तेव्हांच तें गेलें.

हा खेळ म्हणजे किल्ली देऊन सोडावयाची पत्र्याची गाडी नव्हे. यांत सर्व कांहीं मापानें असतें. एचओ नांवाचें जें प्रमाण जगांत फार चालतें, त्यांत प्रत्येक वस्तु मूळ वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्शाची करतात. युरोप-अमेरिकेंतील रुळांचें सामान्य अंतर १४३५ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागिलें म्हणजे साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि तेवढ्याच अंतरावर या खेळाचे रूळ बसविलेले असतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचा; त्याच हिशेबानें तो सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा व्हावयास पाहिजे. पण तसा तयार रूळ बाजारांत सहसा मिळत नाहीं, म्हणून भारतीय गाडीचा नमुना करणारेहि बहुधा साडेसोळांवरच भागवितात. म्हणजे टंचाईशीं तडजोड करण्याचा धडा आपल्याकडील छांदिष्टांस पहिल्या दिवसापासूनच मिळतो.

आमचे धाकटे बंधु रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. घाटाखालच्या एका लहानशा स्टेशनावर त्यांचीं नऊ वर्षें गेलीं. सेवानिवृत्तीनंतर त्यांस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अधू झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचें बोलणें जवळजवळ संपलें. नातवानें आपल्या फळीवर मांडावयास नेमकें तेंच स्टेशन निवडलें. "काकाआजोबा, तुमचा सिग्नल फलाटाच्या कोणत्या टोकाला होता?" असें तो विचारी; आणि जे बंधु पानावर बसून होय-नाहींपलीकडे बोलत नसत, ते त्या फळीपाशीं अर्धा अर्धा तास अडखळत कां होईना, पण समजावून सांगत. सूनबाईंनीं हें प्रथम हेरलें. औषधाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संध्याकाळचे सहा वाजले कीं काठी टेकीत माडीचा जिना चढण्याची उमेद त्यांस त्या गाडीनें दिली, हें घरांतील सर्वांनीं पाहिलें आहे.

स्टेशन म्हटलें म्हणजे एका गाडीस बाजूस घेऊन दुसरीस वाट देणारी लूप लाइन हवी, आणि लूप म्हटली कीं तिच्या दोन्ही टोकांस सांधे हवेत. ते दोन सांधे मिळेनात. २०२१ सालच्या पावसाळ्यांत एका दुकानीं पूर्ण रक्कम भरून आम्हीं मागणी नोंदविली. "पुढच्या महिन्यांत येतील," हें उत्तर वर्ष उलटून गेलें तरी आम्ही ऐकतच होतों. दिवाळी गेली, परीक्षा गेली. मग एके दिवशीं मुलानें ती फळी भिंतीशीं उभी केली व वर चादर टाकली. त्या संध्याकाळीं बंधु माडीवर गेले, चादरीकडे पाहून खालीं आले, आणि दुसऱ्या दिवशीं गेलेच नाहींत. अडलें होतें तें केवळ खेळण्याचें काम नव्हे, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

मास्तरांस कारण शोधल्यावांचून चैन पडत नाहीं. शोधअंतीं जें कळलें तें असें. इंग्लंडांतील हॉर्नबीसारख्या नामांकित कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत आपली निर्मिति चीनमधील कारखान्यांकडे सोंपविली. युरोप-अमेरिकेंतील इतर कित्येकांनींहि तीच वाट धरली. या धंद्यांत एकच वस्तु बारा महिने होत नाहीं. पोलादी सांचा करण्यास मोठा खर्च येतो. त्यांतून ठरलेले नग एकदां काढले कीं तो सांचा बाजूस राहतो व तींच माणसें दुसऱ्या नमुन्यास लागतात. संपलेली वस्तु पुन्हां निघावयास वर्ष लागतें, कधीं अनेक वर्षें. त्यांत २०२० सालीं महामारीमुळें कारखाने थांबले, आणि घरांत कोंडल्या गेलेल्या लोकांनीं नेमक्या त्याच वेळीं माळ्यावरच्या जुन्या गाड्या खालीं काढल्या. पुरवठा आटला आणि मागणी फुगली. २०२१ च्या मार्चांत 'एव्हर गिव्हन' नांवाचें जहाज सुएझ कालव्यांत आडवें रुतून सहा दिवस वाट अडली. जहाजांचें भाडें भडकलें. संगणकाच्या चिपांचा जगभर दुष्काळ पडला, आणि नव्या पद्धतीच्या खेळांतल्या इंजिनासहि तशी चीप लागते. आपल्याकडे खेळण्यांवरील जकात २०२० सालीं वीस टक्क्यांवरून साठ व २०२३ सालीं सत्तर टक्के झाली. देशी धंद्यास उत्तेजन देण्याचा हेतु चांगला. पण जो बारीक माल येथें फारसा होतच नाहीं त्याचें गिऱ्हाईक मध्यें भरडलें जातें.

परंतु अशी वेळ या छंदावर प्रथमच आली असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत धातु हवा तोफांना. इंग्लंडांत १९४२ च्या आरंभापासून धातूचीं खेळणीं करण्यास बंदी झाली. अमेरिकेंत लायोनेल कंपनीनें त्याच वर्षीं गाड्या करण्याचें थांबवून आरमारासाठीं होकायंत्रें व तत्सम उपकरणें करावयास घेतलीं. आणि १९४३ च्या नाताळांत मुलें अगदींच रिकामीं राहूं नयेत म्हणून पुठ्ठ्याची आगगाडी विकावयास काढली. किंमत एक डॉलर. पण तुकडे इतके कीं ती जुळवितांना बापांचींहि डोकीं फिरत! ती गाडी फारशी धांवली नाहीं हें खरें. तरी पुठ्ठ्याचा उपहास करणारांनीं इंग्लंडांतील पेंडन नांवाच्या संग्रहालयाची माहिती करून घ्यावी. रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या गृहस्थानें तें १९५४ सालीं स्थापिलें. नष्ट होत चाललेल्या खेड्यांतील घरें त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं शहात्तराव्या हिश्शानें मुख्यतः जाड कागदांतूनच उभीं केलीं, आणि जगांतील उत्तम लघुरूप घरांत त्यांची गणना होते. आपल्या पुण्यांतहि कोथरूडला भाऊ जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून उभें केलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांस, बाजारांतून आणलेली वस्तु आणि तिच्याभोंवतीं हातांनीं वसविलेलें जग यांतील भेद सांगावयास नको.

एक सावधगिरी येथें सांगितली पाहिजे. टंचाई म्हटली कीं साठा करण्याची बुद्धि होते. १९७२ च्या दुष्काळांत मिलोची भाकरी खाल्लेल्या पिढीस या बुद्धीचे परिणाम ठाऊक आहेत. एकानें चार सांधे लागत असतां दहा घेऊन ठेवले कीं दुसऱ्या मुलाची फळी भिंतीशीं उभी राहते. तसेंच, माल हातीं येण्यापूर्वीं पूर्ण रक्कम भरूं नये. हा धडा आम्हीं स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतला आहे.

मग करावें काय? अनुभवानें आम्ही तीन गोष्टी सांगतों: जपावें, जुळवावें आणि घडवावें.

जपावें म्हणजे असलेल्यास आयुष्य द्यावें. गाडी अडखळली कीं मुलें इंजिन बिघडलें म्हणतात. पुष्कळदां दोष मळाचा असतो. वीज रुळांतून चाकांत जाते, म्हणून रूळ व चाकें मऊ कापडानें पुसलेलीं हवींत. तेल द्यावयाचें तें शिवणयंत्राचें, आणि तेंहि सुईच्या टोकावर राहील इतकेंच. खोबरेल कदापि घालूं नये, थंडींत तें थिजतें आणि दांतेरी चाकें जखडतात. पावसाळ्यांत पोलादी रूळ गंजतो. जर्मन सिल्व्हरचा बरा टिकतो. घरच्या विजेचा दाब उतरवून देणारी पेटी मात्र घरीं उघडूं नये. ती बिघडल्यास जाणत्याकडेच द्यावी.

जुळवावें यासाठीं संस्कृतांत एक न्याय आहे: नष्टाश्वदग्धरथन्याय. एकाचे घोडे हरवले, दुसऱ्याचा रथ जळाला. तेव्हां दोघांनीं उरलेले घोडे व उरलेला रथ एकत्र करून प्रवास पुरा केला. आमच्या नातवाच्या एका इंजिनाची मोटर जळाली होती. दुसऱ्या गल्लींतील त्याच्या मित्राच्या त्याच जातीच्या इंजिनाचें वरचें कवच फुटलें होतें. दोघांचे मिळून एक इंजिन झालें, आणि तें आठवडा-आठवडा आलटून पालटून दोन्ही घरीं राहतें. वर्गांत आम्हीं हा न्याय अनेकदां शिकविला. पण तो इतका उपयोगी असेल असें वाटलें नव्हतें!

घडवावें याचा प्रांत सर्वांत विस्तृत. चाकें व मोटर घरीं करण्याच्या भानगडींत पडूं नये. तीं विकतच घ्यावीं. पण फलाट, घरें, डोंगर, झाडें यांसाठीं दुकानाचें तोंड पाहण्याचें कारण नाहीं. लग्नपत्रिकांचा जाड कागद स्टेशनच्या भिंतींस उत्तम. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला कीं पत्र्याचें छप्पर होतें. जुन्या वर्तमानपत्रांचे थर खळीनें चिकटवून घाट उभा राहतो. खळींत मात्र पुस्तकबांधणीवाल्यांप्रमाणें चिमूटभर मोरचूद घालावा, म्हणजे कसर लागत नाहीं. तो विषारी असल्यानें हें काम मोठ्यांनींच करावें. चहाचा चोथा धुऊन वाळविला कीं माती, हिरव्या रंगांत बुडविलेला लांकडाचा भुसा म्हणजे गवत, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी म्हणजे झुडपें, आणि चाळलेली वाळू म्हणजे रुळांखालची खडी. सूनबाईंच्या स्वयंपाकघरांतून इतका माल माडीवर गेला कीं त्यांनीं थट्टेनें भाडें मागितलें.

राहतां राहिला सांधा. तो घरीं होतो असें वाचून आम्हीं नातवास उठविलें. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांतून तांब्याचा पातळ थर चढविलेली पाटी आणून तिच्या बारीक पट्ट्या कापल्या. त्या झाल्या स्लीपर. प्रत्येक पट्टीवरील तांबें मधोमध कानशीनें तोडावें लागतें, नाहीं तर दोन्ही रुळांची वीज एक होते. वांकलेल्या जुन्या रुळांचे सरळ तुकडे घेतले, दोघांचीं टोकें घांसून जिभेसारखीं निमुळतीं केलीं, आणि खिडकी उघडी ठेवून आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं कथलाचा डाग देऊन तीं जोडलीं. साडेसोळा मिलिमीटरांची पितळी पट्टी माप म्हणून मध्यें धरली होती. पहिला सांधा फुकट गेला. दुसऱ्यावर इंजिन चालूं लागलें. पण जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदतो तेथें त्याचें चाक दर खेपेस भलत्या वाटेस जाऊन तें खालीं उतरे.

तीन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारीं बंधु हळूच येऊन दाराशीं उभे राहिले होते. इंजिन पुन्हां घसरलें, आणि कोणीं विचारलें नसतां ते म्हणाले, "अरे, चेकरेल कुठें आहे?"

आम्ही सर्व स्तब्ध झालों. रुळांच्या छेदाजवळून जातांना एका बाजूचें चाक भलतीकडे ओढलें जाऊं नये म्हणून समोरच्या बाजूच्या चाकास आंतून धरून ठेवणारा एक आंखूड रूळ असतो; तोच आम्हीं बसविला नव्हता. त्या संध्याकाळीं बंधूंनीं डाव्या हातानें कागदावर त्याची जागा काढून दाखविली. पुढच्या रविवारीं गाडी लूपमध्यें शिरली.

ती हादरते अजून. त्यावर बंधूंचें म्हणणें असें कीं, मार्ग कच्चा असला तर खऱ्या रेल्वेंतहि गाडी सावकाश नेतात. त्यांच्या सांगण्यावरून नातवानें काडेपेटीच्या काडीवर पिवळा कागद चिकटवून '१५' आंकड्याचा वेगमर्यादेचा फलक त्या जागीं रोंवला आहे.

पुढें दोन महिन्यांनीं विकतच्या सांध्यांचें पुडकें अखेर आलें. तोंपर्यंत लूपच्या दुसऱ्या टोकास जागा रिकामी होतीच. एक सांधा तेथें बसला. घरचा काढून दुसराहि विकतचा बसवावा का, असें आम्हीं नातवास विचारलें. त्यानें काकाआजोबांकडे पाहिलें, आणि उरलेला सांधा मित्राच्या घरीं पोंचविला. त्याचीहि फळी म्हणे बरेच दिवस भिंतीशींच उभी होती.