‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन? दारावरच्या लोड बॅलन्सरचे आकडे सांगतात

पेडणे/डिचोली : निकाल जाहीर झाला की पेडण्यापासून साखळीपर्यंत आणि सीमेपलीकडे बांदा-दोडामार्गपर्यंत मोबाईलच्या पडद्यावर एकच गोल फिरत राहतो. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग सकाळी आठला उघडलं की तीच गत. प्रवेशअर्जाची शेवटची तारीख असली तर मग विचारायलाच नको. ‘सर्व्हर डाऊन आसा’ म्हणून लोक मोबाईल खाली ठेवतात. पण अशा वेळी सगळे सर्व्हर बंद पडलेले असतातच असं नाही. अनेकदा सर्व्हर चालू असतात आणि तरीही काम होत नाही. बिघाड नेमका कुठे आहे, हे दाखवणारे आकडे एकाच जागी मिळतात. ती जागा म्हणजे लोड बॅलन्सर.

दारावरचा माणूस

समजा, मामलेदार कचेरीत (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तहसीलदार कचेरीत) दाखल्यांसाठी पाच खिडक्या आहेत. दारावर एक शिपाई उभा आहे. येणाऱ्याला तो बघून सांगतो, तुम्ही दोन नंबरला जा, तुम्ही चारला. एखाद्या खिडकीवरचा कारकून उठून गेला, तर तिथे माणसं पाठवणं तो थांबवतो. वेबसाईटच्या बाबतीत हे काम लोड बॅलन्सर करतो. खिडक्या म्हणजे सर्व्हर आणि रांगेतली माणसं म्हणजे आपण मोबाईलवरून पाठवलेल्या विनंत्या.

पूर्वी हे काम करणारं यंत्र संस्थेला विकत घेऊन बसवावं लागायचं. २००९ मध्ये ॲमेझॉनने ही सेवा क्लाऊडवर भाड्याने द्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, गुगलचंही मुंबईत आहे. त्यामुळे पणजीतली एखादी छोटी कंपनी किंवा डिचोलीतली एखादी शिक्षणसंस्था महिन्याच्या बिलावर ही सोय घेऊ शकते. यंत्र भाड्याचं असलं, तरी त्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच राहते.

कुठले आकडे बघायचे?

पहिला आकडा, मिनिटाला किती विनंत्या येतात. दुसरा, किती सर्व्हर ‘तंदुरुस्त’ आहेत. लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरला हाक मारून बघतो. याला हेल्थ चेक म्हणतात. ॲमेझॉनच्या सेवेत काही बदल केला नाही, तर ही हाक दर ३० सेकंदांनी जाते आणि सलग दोनदा प्रतिसाद आला नाही, की तो सर्व्हर रांगेतून काढला जातो. म्हणजे सर्व्हर पडल्यावर साधारण मिनिटभर लोक त्या बंद खिडकीकडेच जात राहतात. निकालाच्या दिवशी हे एक मिनिटही महाग पडतं.

तिसरा आकडा चुकांचा. पडद्यावर दिसणारे क्रमांक उगीच नसतात. ५०२ म्हणजे सर्व्हरने अर्धवट किंवा चुकीचं उत्तर दिलं. ५०३ म्हणजे काम घ्यायला सर्व्हरच नाही. ५०४ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. ही चूक सर्व्हरची की लोड बॅलन्सरची, याची मोजणी वेगवेगळी ठेवलेली असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की दुरुस्ती कुठे करायची ते पुष्कळसं समजतं.

आपल्या भागासाठी महत्त्वाचा आणखी एक क्रमांक आहे, ४६०. ॲमेझॉनच्या नोंदीत हा क्रमांक आला, तर उत्तर येण्याआधीच समोरच्याने जोडणी तोडली असा अर्थ होतो. कंटाळून पान बंद केलं असेल किंवा डोंगरापल्याडच्या वाड्यावर रेंज गेली असेल. सर्व्हरच्या हिशेबात यातली कुठलीच गोष्ट ‘चूक’ म्हणून धरली जात नाही. पण अर्ज भरणाऱ्याचं काम राहिलेलं असतं.

सरासरीवर जाऊ नका

चौथा आकडा प्रतिसादाला लागलेल्या वेळेचा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. समजा, १००० जणांनी पान उघडलं. ९५० जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं आणि ५० जणांना २० सेकंद लागले. सरासरी येते १.१९ सेकंद. अहवालात हा आकडा चांगला दिसतो, पण त्या ५० जणांना साईट बंदच वाटलेली असते. म्हणून जाणकार सरासरीसोबत ‘शंभरातल्या ९९ जणांना किती वेळाच्या आत उत्तर मिळालं’ हेही बघतात. वरच्या उदाहरणात हे उत्तर थेट २० सेकंद येतं.

पाचवा आकडा जोडण्यांचा, आणि तो खिशाशी बांधलेला आहे. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरचं बिल तासाच्या भाड्यावर, शिवाय वापरावर येतं. वापर चार बाजूंनी मोजतात : नव्या जोडण्या, चालू जोडण्या, गेलेला डेटा आणि नियमांची तपासणी. चारांपैकी ज्यात वापर सर्वाधिक, त्यावर आकारणी. बोगस विनंत्यांचा मारा झाला तर काम शून्य आणि बिल मात्र मोठं, असं होऊ शकतं. म्हणून हा आकडा तंत्रज्ञाइतकाच हिशेबनिसानेही बघायला हवा.

लोक म्हणतात पडली, सरकार म्हणतं नाही

२८ एप्रिल २०२१ आठवून बघा. दुपारी चारला १८ वर्षांवरच्या सर्वांसाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी खुली झाली. पहिल्याच मिनिटांत अनेकांना पान उघडेना, कुणाला ओटीपी येईना. साईट कोसळल्याच्या बातम्या आल्या. सरकारने त्या निराधार असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या, हेही खरं.

मग खरं कोण बोलत होतं? दोघंही खरं बोलत असू शकतात. एकूण विनंत्यांचा आकडा प्रचंड असू शकतो आणि त्याच वेळी लाखो लोक बाहेर ताटकळत असू शकतात. एकूण किती झालं, हा एक प्रश्न. आलेल्यांपैकी कितीजण रिकाम्या हाताने परतले, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर दारावरच्या नोंदीतच मिळतं.

तपासणाराच गडबडला तर?

नजर ठेवणारी यंत्रणाही चुकते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, नरकचतुर्दशीच्या दिवशी, गोव्यात नरकासुर जळून पोहे खाऊन झाले होते. भारतीय वेळेनुसार दुपारी बाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात बिघाड सुरू झाला. मूळ कारण डेटाबेस सेवेच्या पत्त्याच्या नोंदीतलं होतं. त्यातून सावरताना संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथल्या एका प्रकारच्या लोड बॅलन्सरमध्ये नवी अडचण उभी राहिली.

नवे सर्व्हर कामाला लागत होते, पण त्यांची नेटवर्कची जोडणी पूर्ण झालेली नव्हती. हेल्थ चेकमध्ये ते कधी नापास, कधी पास होऊ लागले. यंत्रणा त्यांना रांगेतून काढत होती, पुन्हा घेत होती. या काढ-घालीचा ताण तपासणीच्या यंत्रणेवरच आला आणि धडधाकट यंत्रंही बाहेर फेकली गेली. अखेर रात्री दहाच्या सुमारास अभियंत्यांनी आपोआप बाहेर काढण्याची सोय हाताने बंद केली, तेव्हा जोडण्या सुधारल्या.

किती सर्व्हर तंदुरुस्त आहेत एवढंच बघून भागत नाही, तो आकडा किती वेळा वर-खाली होतो हेही बघावं लागतं. म्हणूनच साईटची तपासणी बाहेरूनही व्हावी लागते. मुंबईच्या केंद्रात सगळं हिरवं दिसत असताना पेडण्यातल्या साध्या मोबाईलवर पान उघडतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

तयारी आदल्या दिवशीची

क्लाऊड आपोआप वाढतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो. हळूहळू वाढणारी गर्दी तो पेलतो. ठोक्याला येणारी गर्दी पेलण्यासाठी आधीच जादा सर्व्हर उभे करून ठेवावे लागतात. लोड बॅलन्सरची क्षमता आधी राखून ठेवण्याची सोय ॲमेझॉनने २०२४ मध्ये दिली. निकाल, बुकिंग, शेवटची तारीख यांचा दिवस आणि वेळ आधीच ठरलेली असते. अशी गर्दी अचानक आली असं म्हणता येत नाही. धोक्याची सूचना कोणाच्या फोनवर जाणार आणि सुट्टीच्या दिवशी तो फोन कोण उचलणार, हेही आदल्या दिवशीच ठरायला हवं.

नागरिकाच्या कामाची गोष्ट

दोडामार्गातला विद्यार्थी डिचोलीत प्रवेश घेतो, पेडण्यातला तरुण सावंतवाडीत. शेवटच्या रात्री अर्ज गेला नाही, तर दोन राज्यांच्या कचेऱ्यांमध्ये त्याने कुणाकडे बोट दाखवायचं? तोंडी तक्रारीवर ‘आमची साईट चालू होती’ हे उत्तर ठरलेलं.

म्हणून अडचण आली, की पडद्याचा फोटो काढून ठेवावा. त्यात चुकीचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसू द्यावी. मुदतवाढ मागताना त्या वेळेतल्या लोड बॅलन्सरच्या नोंदी तपासा, अशी लेखी मागणी करावी. किती विनंत्या आल्या, किती परत गेल्या, किती जणांनी वाट पाहून सोडून दिलं, हे त्यात मिनिटागणिक दिसू शकतं. मात्र सविस्तर नोंदी अनेकदा आपोआप साठत नाहीत, ती सोय संस्थेने आधी चालू करून ठेवावी लागते. ती केली होती का, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. नोंद हातात असली, तर मुदतवाढ ही मेहेरबानी राहत नाही. तिचा निर्णय हिशेबावर होऊ शकतो.