बुचाला भुललेले नर

सप्टेंबरातली सकाळ. तेलगावच्या शिवारात पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली, पानांवर दव. मधेच एक काठी रोवलेली आणि तिच्यावर पिकाच्या डोक्याहून फूटभर उंच टांगलेलं नरसाळं. नरसाळ्याखाली प्लास्टिकची लांब पिशवी. शेतकरी पिशवीची गाठ सोडतो, आतला ऐवज तळहातावर ओततो आणि बोटाने एकेक बाजूला सारत मोजतो. सहा, सात, नऊ. बोटाच्या पेराएवढेही नसलेले मातकट पतंग, पंखांवर काळसर डाग. सगळेच्या सगळे नर.

नरसाळ्याच्या झाकणाखाली इंजेक्शनच्या बाटलीला असतं तसं एक रबरी बूच अडकवलेलं असतं. त्यात मुरवलेला गंध गुलाबी बोंडअळीच्या मादीचा. रात्री मादी पोटाच्या टोकाची ग्रंथी उघडून जो गंध वाऱ्यावर सोडते, तोच कारखान्यात बनवलेला. माणसाला तो जाणवत नाही. शेजारच्या काठीवर घाटेअळीचं बूच लावलं असेल, तर बोंडअळीचा नर तिकडे फिरकतही नाही. कृषी खात्याच्या पत्रकांत याचं नाव ‘कामगंध सापळा’. एका सापळ्यात रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं, की फवारणीची वेळ आली असं समजायचं.

बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते जिथे भेटतात, तिथलं हे तेलगाव. साखर कारखान्याचं गाव, म्हणून ऊस आहेच, पण जिरायतीत कापूस. २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडं फोडल्यावर आत गुलाबी अळ्या आणि कवडी कापूस निघाला. ‘बोंडअळीचं अनुदान’ हा शब्द घरोघरी पोचला तो तेव्हापासून. तोवर अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी बियाण्यावर सगळ्यांचा भरवसा होता. २००२ साली बीटी कापूस भारतात आला, २००६ साली दोन विषांचं बोलगार्ड-२ आलं. अळीने दोन्ही पचवली. विष जिथे चिकटतं ते आतड्यातलं प्रथिनच काही अळ्यांमध्ये बदललेलं होतं. त्या जगल्या, बाकीच्या मेल्या, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच निघाल्या.

मग जी अळी विष पचवते, तिचा पतंग एका रबरी बुचाला रोज कसा फसतो?

उत्तर नराच्या शृंगिकांत आहे, आणि ते पहिल्यांदा सापडलं रेशीमकिड्यात. बीड जिल्हा रेशीम शेतीत राज्यात आघाडीवर आहे, तरी तुतीवर कोष पिकवणाऱ्याला पतंग सहसा दिसत नाही, कारण तो बाहेर पडायच्या आत कोष बाजारात गेलेला असतो. अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत मात्र तो दिसतो. नराला पंख असतात, उडता येत नाही. हजारो वर्षं माणसाच्या घरी राहून तो उडणं विसरला, पण मादीचा गंध विसरला नाही. गंध लागताच तो पंख फडफडवत, नागमोडी वळत तिच्याकडे चालत सुटतो. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा केल्या आणि दोन दशकांच्या खटपटीनंतर १९५९ साली त्यातला रेणू वेगळा केला. नाव ठेवलं बॉम्बिकॉल. पाच लाख माद्यांमधून हाती लागलं ते काही मिलिग्रॅम!

या नराच्या पिसासारख्या शृंगिकेवर गंध टिपणारे सुमारे सतरा हजार लांब केस असतात. प्रत्येक केसाला सूक्ष्म भोकं, आत पाणीदार द्रव, आणि द्रवात दोन मज्जापेशींची टोकं. रेणू तेलकट, त्यामुळे पाण्यात विरघळत नाही. तिथे एक वाहक प्रथिन त्याला पोटाशी धरून पेशीवरच्या ग्राहकापर्यंत पोचवतं. ग्राहक म्हणजे कुलूप म्हणावं, तर हे कुलूप एकाच किल्लीने उघडतं. काम झालं की एक विकर त्या रेणूचे तुकडे करून टाकतं, नाहीतर जुन्या वासाने नाक चोंदेल. एक रेणू पोचला तरी पेशी संदेश पाठवते, हे १९७०च्या सुमारास मोजूनच दाखवलं गेलं.

शेतातला वारा गंध सरळ वाहून नेत नाही. उदबत्तीचा धूर पाहिलेल्याला हे सांगायला नको, त्याचे धागे तुटतात, वळतात, मधे पोकळी राहते. बोंडअळीचा नर धागा लागला की वाऱ्याच्या तोंडाकडे झेपावतो, धागा तुटला की डावी-उजवीकडे आडवा हेलकावत पुन्हा शोधतो. त्याला शोधायचं असतं दोन रेणूंचं मिश्रण. दोन्हींत सोळा कार्बनांची तीच साखळी, तेच अणू, फक्त एका बंधापाशी शेपटीचं वळण वेगळं, आणि प्रमाण साधारण निम्मं-निम्मं. अमेरिकेत १९६६ साली वेगळाच एक रेणू बोंडअळीचा गंध म्हणून जाहीर झाला होता. नरांनी त्याला दाद दिली नाही. खरी जोडी १९७३ साली सापडली. रसायनशास्त्रातल्या वादाचा निकाल पतंगांनी द्यावा, हे तसं विरळाच.

आता उत्क्रांतीचा पेच. विष पचवायला एका अळीत बदल झाला तरी पुरतं. गंधाचं तसं नाही. बोलणारी मादी आणि ऐकणारा नर वेगळे. मादीने गंध बदलला आणि नर जुन्याच वासाच्या मागे राहिला, तर तिचा वंश तिथेच संपतो. नराने एकट्याने आवड बदलली तरी तेच. मग इतक्या जातींचे इतके वेगळे गंध झाले कसे?

गंधाचा कच्चा माल साधा आहे. शरीरातल्याच चरबीच्या आम्लांपासून मादी तो बनवते. कुठला बंध कुठे बसवायचा हे ठरवणारी विकरं चरबीच्या जुन्याच कामातून आलेली. एखादं जनुक चुकून दोनदा उतरतं, एक प्रत नेहमीचं काम करते, दुसरीला उचापती करायला मोकळीक मिळते. मक्याच्या खोडकिड्यांत हे स्पष्ट दिसतं. आशियातल्या जातीची मादी दुहेरी बंध एका जागी बसवते, युरोपातल्या जातीची दुसरीकडे. अमेरिकेतल्या वेंडेल रोलॉफ्स यांच्या गटाने २००२ साली दाखवलं, की आशियाई पद्धतीचं जनुक युरोपीय जातीतही आहे, पण निजलेलं. आणि युरोपीय नरांत क्वचित एखादा असा निघतो, जो स्वतःच्या मादीबरोबर आशियाई गंधाकडेही उडतो. म्हणजे मादी एखाद्या दिवशी वेगळं बोलली, तरी ऐकणारा एखादा रुंद नाकाचा नर गर्दीत असतोच. वंश त्या दोघांचा वाढतो.

नराच्या ग्राहकांची कथाही अशीच सरळ नाही. ते सगळे एकाच जुन्या घराण्यातले, असा समज होता. इजिप्तकडे कापसाची पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगात २०१९ साली असा एक ग्राहक सापडला, ज्याची शाखाच निराळी. मादीचा गंध ओळखणारं नाक पतंगांत एकाहून जास्त वेळा घडलं, असा त्याचा अर्थ.

ही ओळख हेरणारा माणूस पहिला नव्हे. अमेरिकेतला एक कोळी जाळं विणतच नाही. पतंगाच्या मादीसारखा वास सोडतो आणि नर जवळ आला की धाग्याच्या टोकाचा चिकट गोळा त्याच्यावर भिरकावतो.

सापळा मोजणीसाठी. पण गंधाच्या दोऱ्या झाडोझाडी बांधून सगळ्या शेतात इतका वास भरायचा की नराला खरी मादी सापडू नये, हाही उपाय आहे, आणि आता भारतातही वापरात आला आहे. अमेरिकेने बीटी, वांझ पतंग, गंध आणि हंगाम संपताच पऱ्हाटी गाडणं असं सगळं एकत्र केलं आणि २०१८ साली ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. हंगामानंतरही पऱ्हाटी राखून फरदड घेणाऱ्या शिवारात ते अवघड, कारण अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळतं.

आणि पतंग कायमचा भोळा राहील असंही नाही. जपानच्या शिझुओका भागात चहाची पानं गुंडाळणाऱ्या अळीवर वर्षानुवर्षं असाच गंध सोडला जात होता. तिच्या गंधात चार घटक, वापरला जात होता एकच. १९९०च्या दशकात तिथले नर त्या धुक्यातूनही माद्या गाठू लागले. चारही घटक एकत्र सोडल्यावर उपाय पुन्हा लागू पडला. बोंडअळीच्या बुचात दोन्ही घटक असतात.

तेलगावच्या शेतात बूच महिनाभरात बदलायचं असतं. पाकीट फोडणाऱ्या हाताला तंबाखूचा किंवा कांद्याचा वास नको, आणि घाटेअळीचं बूच हाताळून त्याच बोटांनी हे लावायचं नाही.