महागडा ऑडिओ इंटरफेस घेताय? आधी हे तपासा

घरी गाणं रेकॉर्ड करून झालं, मित्रमंडळींनी ऐकून कौतुकही केलं आणि आता त्याच ट्रॅकवर एखाद्या छोट्या कार्यक्रमात गायचं ठरलंय. माइक आहे, लॅपटॉप आहे. प्रश्न उरतो ऑडिओ इंटरफेसचा. माइकमधला आवाज लॅपटॉपला समजेल अशा रूपात बदलणारा आणि लॅपटॉपमधला आवाज पुन्हा स्पीकरपर्यंत पोहोचवणारा हा छोटासा डबा काही हजारांत मिळतो, तसाच लाखाच्या घरातही जातो. मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे?

आवाज गोड येतो म्हणून, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते अर्धंच खरं आहे. आजचे साधे इंटरफेसही २४ बिटमध्ये स्वच्छ रेकॉर्डिंग करतात. मोबाइलवर ऐकणाऱ्याला फरक क्वचितच कळेल; खोलीतल्या पंख्याची घरघर मात्र नक्की कळेल, मग डबा कितीही महागाचा असो!

खरा फरक पडतो तो वेळेत. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज रिव्हर्बसकट ऐकायचा असेल, तर तो लॅपटॉपमध्ये जाऊन परत यावा लागतो. ४८ किलोहर्ट्झवर बफर २५६ ठेवला तर जाताना ५.३ आणि येताना ५.३, म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद फक्त बफरमध्येच जातात. जणू तुमचाच आवाज साडेतीन मीटरवरून ऐकू येतोय. गाणारा लगेच अडखळतो. बफर ६४ केला की हा वेळ पावणेतीनवर येतो, पण तेव्हा ड्रायव्हर कच्चा असेल तर आवाजात टकटक सुरू होते. चांगला ड्रायव्हर ही महागड्या इंटरफेसची पहिली कमाई. जर्मनीच्या आरएमई कंपनीचं नाव प्रामुख्याने याचसाठी घेतलं जातं. युनिव्हर्सल ऑडिओच्या अपोलोने वेगळी वाट धरली आहे. त्याच्या आतच प्रोसेसर असल्यामुळे इफेक्ट लॅपटॉपवर भार न टाकता तिथेच लागतात. मात्र अपोलोची बरीच मॉडेल्स थंडरबोल्टवर चालतात. तुमच्या लॅपटॉपला ते पोर्ट आहे का, हे आधी पाहा.

स्टेजवर गरजा बदलतात. प्रेक्षकांना ट्रॅक ऐकू गेला पाहिजे, पण तबलजीच्या कानात वाजणारा क्लिक जाता कामा नये. त्यासाठी एकमेकांपासून स्वतंत्र असे किमान चार आउटपुट लागतात. इथे बरेच जण फसतात, कारण स्वस्त इंटरफेसमध्ये हेडफोनला बहुतेक वेळा मुख्य आउटपुटचाच आवाज येतो. आरएमईच्या बेबीफेस प्रोमध्ये हेडफोनचे आउटपुट वेगळे आहेत, त्यामुळे लहान संचाचं काम त्यावर भागतं. गायन, हार्मोनियम आणि तबल्याची जोडी असे चार माइक एकदम लावायचे असतील, तर माइक प्रीअँपही चार हवेत. बेबीफेस किंवा अपोलो ट्विनमध्ये ते दोनच आहेत. किंमत पाहून हे लक्षात येत नाही, म्हणून मागच्या बाजूची भोकं स्वतः मोजा.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कोणी ठळक छापत नाही: वीज. लॅपटॉपला बॅटरी असते. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या इंटरफेसला नसते. कार्यक्रमात दोन सेकंद दिवे गेले तरी ट्रॅक गप्प. यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या, नाहीतर सोबत छोटा यूपीएस ठेवा. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर आधी बॅलन्स्ड केबल वापरून बघा, मग डीआय बॉक्स. नवा इंटरफेस घेऊन ही गुणगुण जाईलच असं नाही.

दुकानात जाताना स्वतःचाच लॅपटॉप आणि नेहमीचं प्रोजेक्ट घेऊन जा. बफर ६४ वर ठेवा, रिव्हर्ब लावा आणि सलग दहा मिनिटं गा. मग वायर हलवून पाहा. आवाज तुटला तर तो डबा तिथेच ठेवून या.