कपाशीच्या बांधावरची झोळी

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातला कापूस वेचणीला येतो आणि शिवारं बायकांनी भरून जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कमरेला बांधलेल्या ओटीत जितका कापूस पडेल तितके पैसे, म्हणून बाई सकाळी निघते ती दिवस कलल्यावरच घरी येते. तान्हं मूल असेल तर तेही सोबत असतं. बांधावरच्या बाभळीला साडीची झोळी बांधायची आणि झोका द्यायला थोरल्या बहिणीला बसवायचं. राज्यभर उभी केलेली बालविकासाची यंत्रणा या झोळीपर्यंत पोचते का, यावर तिचा कस लागतो.

यंत्रणा मोठी आहे, आणि तिची मुळं महाराष्ट्रातच आहेत. 1945 मध्ये ताराबाई मोदकांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. मूल जिथे असेल तिथे आपण जायचं, हे त्या कामाचं सूत्र होतं. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा मराठवाड्यातला आहे. 2002 च्या सुमारास औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी सगळ्या मुलांची वजनं खरीखुरी घ्यायची आणि जशीच्या तशी नोंदवायची, यावर भर दिला. परभणी जिल्हा याच विभागातला. त्या अनुभवातून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, तेही मुंबईत नव्हे, औरंगाबादेत. गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर मिशनने लक्ष केंद्रित केलं. मेंदूची आणि शरीराची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच काळात. त्या वेळी खुंटलेली उंची पुढे भरून काढणं फार अवघड असतं.

फरक दिसला. दोन वर्षांखालच्या वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 च्या राज्यव्यापी पाहणीत सुमारे 24 टक्क्यांवर आलं. अशी घट सहजासहजी होत नाही. पुढे मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होतं आणि 2019-21 मध्ये 35.2 टक्के.

कारणं अनेक आहेत. एक मात्र मानवतच्या शिवारात डोळ्यांनी दिसतं. अंगणवाडीत ताजा गरम आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहान मुलांसाठी घरी शिधा दिला जातो. पण दहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं-थोडं मऊ खाणं भरवावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं, खेळावं लागतं. आई कपाशीच्या ओळीत असताना हे करणार कोण? झोका देणारी बहीण स्वतःच लहान, आणि तिची शाळा बुडते ती वेगळीच.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात सरकारी कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. खाजगी शेतात ती सोय नाही. 2022 पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आली. सहा महिन्यांपासूनची मुलं तिथे ठेवता येतात. मानवतसारख्या कापसाच्या पट्ट्याला हवंय ते हेच, पण वेचणीच्या वेळा धरून.

हा भार अंगणवाडीत आहे त्याच सेविकेवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. गृहभेटी, वजनं, लसीकरणाचा दिवस, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं ती आधीच करते आहे, आणि हातात पडतं ते मानधन. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत गावात एक जास्तीची बाई पूर्ण मजुरीवर नेमावी, दिवस मावळेपर्यंत पाळणाघराची खोली उघडी राहावी, चुलीवर पातळ खिचडी असावी आणि अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांना दुपारी येऊन जाता यावं, इतक्या जवळ ती खोली असावी.